करवंदीची जाळी : पहिल्या फळांपर्यंतची नोंद

मागच्या नोंदीत करवंदीची सात रोपे कुंडीतून काढून कुंपणालगत लावल्याचे लिहिले होते. त्यांपैकी पाच टिकली. दोन गेली ती माझ्याच चुकीने : भर उन्हाळ्यात पाने मलूल दिसली म्हणून मी रोज पाणी घालत राहिलो आणि चिकण मातीत मुळे कुजली. सह्याद्रीच्या कातळावर जेमतेम मातीत वाढणाऱ्या या झुडपाला पाण्यापेक्षा निचऱ्याची गरज अधिक असते, हे ठाऊक असूनही हात आवरला नाही. उरलेल्या पाचांच्या बुंध्याशी मुरूम आणि जांभ्याचे तुकडे मिसळले असून पाणी आठवड्यातून एकदाच देतो.

नव्याने लावणाऱ्यांसाठी बियांविषयी सविस्तर लिहितो, कारण माझे पहिले वर्ष तिथेच वाया गेले. मे महिन्यात खाल्लेल्या करवंदांच्या बिया वाळवून पुडीत ठेवल्या आणि मृगाच्या पावसावर पेरल्या, तर एकही उगवली नाही. या बियांची उगवणशक्ती फार लवकर जाते. पुढच्या वर्षी काळीभोर पिकलेली करवंदे चुरून, गर व चीक स्वच्छ धुऊन बिया त्याच दिवशी अर्धा इंच खोल पेरल्या, तेव्हा तिसऱ्या आठवड्यात रोपे वर आली. (चुरताना कोंबडा निघतो की कोंबडी, हे पाहण्याचा मोह आवरला नाही; तांबड्या गराचे कोंबडेच जास्त निघाले.)

यंदा, पेरणीनंतरच्या तिसऱ्या वर्षी, फेब्रुवारीअखेर दोन झुडपांवर पाच पाकळ्यांची पांढरी, सुवासिक फुले आली आणि त्यांतून एकूण अकरा करवंदे धरली. हिरवे करवंद तोडताच देठातून पांढरा चीक टपकतो व बोटे चिकटतात, म्हणून आधी हाताला तेल लावलेले बरे. विषारी कण्हेर याच कुळातली, हे आठवले की करवंदाचे नवल वाटते. आयुर्वेदात ‘करमर्द’ या नावाने त्याचे वर्णन येते. कच्चे फळ पित्त वाढवणारे आणि पिकलेले पित्त शमवणारे मानले आहे. चार कच्ची करवंदे कैरीच्या लोणच्यात टाकली, बाकीची झुडपावरच पिकू दिली. त्यांतली तीन बुलबुलांनी नेली.

काटे जोडीने येत असल्याने छाटणी कातडी हातमोजे घालूनच करावी लागते. जास्त फळलेल्या झुडपाच्या दोन फांद्यांवर येत्या पावसाळ्यात गुटी बांधणार आहे, म्हणजे फांदी झुडपावरच ठेवून तिला मुळे फुटवणार आहे; मुळे फुटली, तर कुंपणातल्या रिकाम्या पडलेल्या दोन जागा त्यांनीच भरीन.