हतनूरचे भुताटकी मासे: भानगड निम्मी सुटली

सुटलं एकदाचं. म्हणजे निम्मंच सुटलंय, पण जे सुटलं ते इतकं मजेशीर आहे की राहवेना. बाइट अलार्मचा (मासा गळाला लागला की वाजणाऱ्या यंत्राचा) पुढचा भाग लिहायचा होता, तो आता मागे ढकलतो.

मागच्या वेळचे माझ्या फिश फाइंडरच्या (पाण्यात ध्वनी सोडून प्रतिध्वनीवरून मासे आणि तळ दाखवणाऱ्या सोनारच्या) स्क्रीनचे फोटो ज्यांनी पाहिलेत त्यांना जागा आठवत असेल. चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम, तिथून खाली हतनूर धरणाच्या फुगवट्यात थोडं पुढे, साधारण सहा मीटर पाणी. फिश आयडी (प्रतिध्वनीच्या जागी माशाचं चित्र काढणारी यंत्रातली सोय) चालू केलं की लहान, मध्यम, थोराड अशा सगळ्या मापांचे मासे तळापासून वर दोन मीटरपर्यंत ठासून भरलेले दिसायचे. आणि गळाला? बोटभर चिलापी. शेंगदाण्याच्या पेंडीत मक्याच्या कण्या घालून पाहिल्या, गांडूळ लावलं, तंगूस बारीक केलं, स्प्रिंग काढून साधा गळ टाकला. मासे स्क्रीनवरून हलेनात आणि गळाकडे फिरकेनात.

शेजारून थर्माकोलच्या तराफ्यावर जाळं ओढणारे भोई आबा येता-जाता थांबायचे.

"काय पाहू राह्यला भाऊ त्या टीव्हीत?"

"मासे, आबा."

"तं मंग काढ ना!"

यावर माणसाने काय बोलावं?

संशयित एकेक करून बाद केले, ते थोडक्यात सांगतो. विजेची खरखर नाही, कारण ट्रान्सड्यूसरला (पाण्यात ध्वनी सोडणाऱ्या-ऐकणाऱ्या भागाला) आता स्वतंत्र 12.8 व्होल्टची चार सेलची लिथियम-फॉस्फेट बॅटरी आहे आणि होडीला मोटर नाहीच. सेन्सिटिव्हिटी कमी केली तर मासे फिके झाले, गेले नाहीत. पृष्ठभागाजवळचा कचरा म्हणावं तर तो वरच्या मीटरभरात असतो, तळाशी नसतो. मग वाटलं, तापमानाच्या थरांचा घोळ असेल. त्यासाठी डीएस18बी20 हा तापमानाचा सेन्सर ठिबकच्या 16 मिमी नळीत ओवून, नळीवर दर मीटरला लाल चिकटपट्टी लावून खाली सोडला. वर आणि खाली फरक दिसला, पण तो हळूहळू उतरणारा. कुठे पायरी नाही. (या सेन्सरवर 85 आकडा आला की तापी उकळायला लागली असं समजू नका. चालू झाल्यावरचा तो त्याचा ठरलेला आकडा आहे. जोड ढिला असला किंवा 4.7 किलोओहमचा रेझिस्टर नीट बसला नसला की तोच दिसतो. ऑनलाइन दहाच्या पाकिटात मिळणारे नकली माल असण्याची शक्यता दांडगी. जळगावच्या गोलाणी मार्केटमधून दोन रुपये जास्त देऊन घेतलेला अजून नीट चालतोय.)

आता मुद्द्याचं. उलगडा झाला तो मोबाइलमुळे. होडी एकाच दोरीवर बांधली की ती वाऱ्याने गोल फिरते, आणि फिरत्या होडीवरून काढलेल्या चित्रात वेळ कुठली आणि जागा कुठली हे कळत नाही. म्हणून युरियाच्या दोन गोण्यांत वाळू भरून पुढे-मागे दोन नांगर टाकले, होडी खिळवून ठेवली, फिश आयडी बंद केलं, चार्टचा (स्क्रीनवरचं चित्र सरकण्याचा) वेग सगळ्यात जास्त केला आणि मोबाइल स्टँडला लावून स्क्रीनचं चित्रण केलं. रात्री घरी ते सावकाश पाहिलं.

मासा ट्रान्सड्यूसरखालून जातो तेव्हा कमान दिसते. तो एका जागी थांबला तर आडवी रेघ. माझ्या चित्रणात कमान जवळजवळ नव्हतीच. होत्या त्या तिरक्या रेघा, सगळ्या खालून वर, सगळ्यांचा कल सारखा. खोलीचा फरक भागिले सेकंद केलं तर सेकंदाला पाव मीटरच्या आसपास. दुसरी रेघ मोजली, तोच वेग. तिसरी, तोच. इतक्या शिस्तीत एकाच वेगाने वर जाणारा मासा अजून जन्मायचाय.

काही मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा पाण्यात साधारण 20 ते 30 सेंमी प्रति सेकंद या वेगाने चढतो. सहा मीटर चढायला त्याला वीस-तीस सेकंद लागतात. हिशोब बसला. आमचे थोराड मासे म्हणजे गाळातला वायू.

आणि यात यंत्राला नावं ठेवण्यासारखं काही नाही. माशाच्या अंगावरून जो प्रतिध्वनी येतो त्यातला मोठा वाटा त्याच्या मांसाचा नसतोच, पोटातल्या हवेच्या पिशवीचा असतो. पाणी आणि मांस ध्वनीला जवळजवळ सारखंच लागतं. पाणी आणि हवा यांत मात्र भिंतीएवढा फरक. म्हणजे सोनार मुळात माशातली हवाच पाहतं. नुसती हवा, मासा वजा करून, पुढे आली तर ते बिचारं काय करणार? फिश आयडी मात्र माझ्या मते सरळ बंद करून ठेवावं. ती सोय विक्रीसाठी आहे, मासेमारीसाठी नाही.

एक कोडं उरलं होतं. हे बुडबुडे असतील तर रेघ तळापासून वरपर्यंत अखंड का नाही? मध्येच का तुटते? कारण तुटलेली आखूड रेघच तर माशासारखी दिसत होती. सोनारचा ध्वनी शंकूसारखा खाली पसरतो, तो शंकू कागदावर काढला तेव्हा उजेड पडला. माझ्या यंत्राचा 200 किलोहर्ट्झच्या ध्वनीचा झोत 15 अंशांचा आहे. सहा मीटरवर त्याचा व्यास जेमतेम दीड मीटर, आणि वर येऊ तसा तो निमुळता. बुडबुडा होडीच्या बरोबर खाली न सुटता अर्धा मीटर बाजूला सुटला तर पावणेचार-चार मीटर खोलीवरच तो झोताबाहेर पडतो. पाण्यात तो चढतच असतो, फक्त आपल्याला दिसत नाही. त्याच यंत्राच्या दुसऱ्या, 77 किलोहर्ट्झच्या झोताला 45 अंश आहेत, त्यात तोच बुडबुडा सव्वा मीटरपर्यंत दिसायला हवा. दुसऱ्या खेपेला दोन्ही झोत शेजारी-शेजारी लावून पाहिलं: 200 मध्ये तुटलेल्या रेघा 77 मध्ये बरोबर पुढे वरपर्यंत गेल्या. होडीत एकटाच ओरडलो. आबा लांबून म्हणाले, "लागला का?" काय सांगणार, मासा नाही लागला, भूमिती लागली!

ज्यांच्याकडे दोन झोतांचं यंत्र आहे त्यांनी हे जरूर करून पाहावं. रुंद झोतात रेघ वर वाढली तर बुडबुडा. दोन्हींत आडवीच राहिली तर गळ टाका.

हतनूरलाच हे एवढं का, तेही आता पटतं. धरण गाळाने भरत चाललंय हे काही नवीन नाही. पूर्णा काळ्या मातीतून येते आणि पावसाळ्यात 41 दरवाजे उघडले तरी सगळा गाळ वाहून जात नाही. आपल्याला तो स्क्रीनवर दिसतोच: तळाची रेघ जाड, केसाळ, आणि तिच्या दुप्पट खोलीवर जो दुसरा प्रतिध्वनी कठीण तळावर हमखास येतो तो इथे गायब. अशा गाळात पालापाचोळा कुजतो आणि मिथेन धरून राहतो. मे महिन्यात गाळ तापतो, वायू जास्त तयार होतो. वरून भुसावळ, दीपनगरचं वीजकेंद्र, शेती, सगळ्यांना पाणी सोडून पातळी रोज उतरते. पाण्याचा दाब घटला की गाळात अडकलेला वायू सुटतो. म्हणजे उन्हाळ्यात उतरतं पाणी हा भुताटकी माशांचा हंगाम.

आता जरा गोड बातमी. तिरक्या रेघा डोळ्यांनी वगळायची सवय झाल्यावर त्याच जुन्या चित्रणात वेगळं काही दिसायला लागलं. तापीच्या जुन्या पात्राची कड जिथे आहे (तळ अचानक सव्वा मीटर खाली जातो आणि थोडा कठीण होतो), तिथे साडेतीन ते चार मीटरवर आडव्या, जाड रेघा. तळाला चिकटलेल्या नाहीत. कटला वरच्या पाण्यात चरतो, मृगळ तळाशी, मधल्या पाण्यातला धनी रोहू. आणि मी इतके दिवस पेंड तळावर ठेवत होतो, कारण मासे तळाशी "दिसत" होते. सरकता फ्लोट लावला, गाठ साडेतीन मीटरवर बांधली, पेंडीचा गोळा लिंबाएवढा.

फ्लोट बुडला नाही, आडवा झाला. खालून वर उचलून घेतलं की असं होतं. मग सरळ पात्राच्या दिशेने पळाला. रोहू अंगाने फार नव्हता, पण झालरीचा ओठ, कडेला तांबूस झाक असलेले खवले, आणि जाळ्यात आल्यावरसुद्धा शेपटीचा असा फटका की स्टँडवरचा मोबाइल पाण्यात जाता जाता वाचला. संस्थेची परवानगीची पावती खिशात होतीच, त्यामुळे रात्री काळ्या मसाल्याचं कालवण झालं. आबांनी मासा पाहिला आणि एवढंच विचारलं की माझं यंत्र त्यांचा गेल्या वर्षी बुडालेला लोखंडी नांगर शोधून देईल का. बाजूला पाहणाऱ्या सोनारशिवाय ते जमणार नाही, आणि त्याची किंमत पाहून मी तो विषय घरात काढलेला नाही.

उन्हाबद्दल दोन शब्द, कारण दर वेळी कोणीतरी विचारतं. अकरानंतर मोबाइल तापून स्वतःच बंद पडतो. ओला पंचा गुंडाळला की तासभर निभतं. पोलरॉइड गॉगल घालून एलसीडी काळी दिसली तर स्क्रीन खराब झाली म्हणून दुकानात पळू नका, मान तिरकी करा. आणि काठावर वायरी, बॅटऱ्या पाहून कोणी "करंट लावतो का?" म्हणून विचारलं तर शांतपणे बोलावून स्क्रीन दाखवा. बॅटरीचा शॉक देऊन मासे मारणाऱ्यांनी आपल्या सगळ्यांचं नाव खराब केलंय. लोकांचा संशय रास्त आहे.

आता पुढचं. ठरवलं होतं असं: चित्रणातल्या तिरक्या रेघा ओळखून पुसून टाकणारा एक छोटा प्रोग्राम लिहायचा, म्हणजे उरतील ते मासे. अर्धा लिहूनही झालाय. पण हे लिहिताना चित्रण पुन्हा चाळत होतो आणि बाभळींच्या बाजूच्या उथळ पाण्यातल्या तुकड्यावर अडकलो. तिथे रेघा तिरक्याच आहेत, पण बारीक, दाट, झुपक्याने येतात आणि थांबतात. गाळाच्या वायूसारख्या एका जागेवरून पुन्हा पुन्हा नाहीत. त्या वेळी पाण्यावरही बारीक फेसाची एक वाट पुढे सरकत होती, चित्रणात माझा आवाज आहे: "हे काय चाललंय?"

मृगळ आणि सिप्रिनस (कॉमन कार्प) चिखलात तोंड खुपसून चरतात. चिखल उकरला की त्यातला वायू सुटतो. म्हणजे जे मी पुसून टाकायला निघालो होतो त्यातले काही बुडबुडे मासाच सोडतोय! प्रोग्राम तिथेच थांबवला.

मग ओळखायचं कसं? एका झोताचं सोनार दिशा सांगत नाही. पण बुडबुडा तळातून सुटताना वाजतो, आणि त्याचा सूर त्याच्या आकारावर ठरतो. शास्त्रज्ञ मिनार्टचं 1933 चं सूत्र आहे: 1 मिमी त्रिज्येचा बुडबुडा पृष्ठभागाजवळ साधारण 3.3 किलोहर्ट्झला वाजतो, 3 मिमीचा 1.1 ला. सहा मीटर खाली दाब जास्त, म्हणून सूर सव्वापट चढतो. गाळाचा मोठा बुडबुडा खर्जात, माशाने उकरलेला बारीक फेस वरच्या पट्टीत. निदान अंदाज तरी असा आहे. म्हणून हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा मायक्रोफोन.

27 मिमीची पिझो चकती (आवाजाच्या कंपनाने वीज तयार करणारी) बझरमधून निघते, दहा-वीस रुपयांचं काम. दोन भागांच्या इपॉक्सीत बुडवायची. गरम गोंदाच्या बंदुकीचा मोह टाळा, ते पाण्यात सुटतं. पिझोला मोठ्या इम्पीडन्सचा प्रीअ‍ॅम्प (बारीक सिग्नल वाढवणारं सर्किट) लागतो, निदान 1 मेगाओहम, टीएल072 या ऑप-अ‍ॅम्प चिपवर करतोय. सुट्या भागांसाठी अजूनही लॅमिंग्टन रोडला तोड नाही, पण दोन चिपांसाठी मुंबई कोण गाठतंय.

आणि आता हे टाइप करताकरताच सुचलं: एक कशाला, दोन चकत्या लावू. दीड मीटर पीव्हीसी पाइपच्या दोन टोकांना एकेक, स्टीरिओ रेकॉर्डरच्या डाव्या-उजव्या चॅनलला. पाण्यात ध्वनी सेकंदाला दीड हजार मीटर, म्हणजे टोकाकडून आलेल्या आवाजात दोन चकत्यांमध्ये 1 मिलिसेकंदाचा फरक. 44.1 किलोहर्ट्झला ते 44 नमुने झाले, सहज मोजता येतील. पुढचं-मागचं कळणार नाही, पण ते नकोच आहे. फरक तोच राहिला तर गाळ. हळूहळू सरकला तर कोणीतरी चरत चाललंय, आणि कुठल्या बाजूला तेही कळेल. ईएसपी 32 या छोट्या कंट्रोलर बोर्डवर करायचं मनात होतं, ते रद्द. साधा यूएसबी साउंड कार्ड आणि जुना लॅपटॉप, छत्रीखाली. फक्त कार्ड घेताना मायक्रोफोनचा इनपुट खरोखर स्टीरिओ आहे का ते पाहा, स्वस्तातल्या बऱ्याच कार्डांचा एकाच चॅनलचा असतो.

दरवाजे उघडायच्या आत रेकॉर्डिंग व्हायला हवं. एकदा पूर आला की पाणी गढूळ, आवाज प्रचंड आणि तळाचा नकाशाही नवा. त्यामुळे बाइट अलार्म आता पावसाळ्यात. टीएल072 चं सर्किट 9 व्होल्टच्या एकाच बॅटरीवर कोणी चालवलं असेल तर मधल्या व्होल्टेजची जोडणी कशी केली ते कळवा, माझ्याकडे भोंग्यासारखा आवाज येतोय.