तांदळाच्या गोण्यांची खोली

सिंधुदुर्गातल्या त्या शाळेत मी गेलो तेव्हा निर्लेखनाचा प्रस्ताव जवळजवळ तयार होता. माझा पाहणी अहवाल जोडला की इमारत पाडायला मोकळी.

जांभ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, पुढे लांब पडवी. मोठ्या वर्गात कमरेपर्यंत ओल, लोणा लागलेला, गिलावा फुगलेला. मुख्याध्यापकांनी एक फुटकं कौल आणून दाखवलं. मागे कौलं बनवणाऱ्या बासेल मिशनचा छाप आणि 1865. "एवढी जुनी इमारत सर, आता किती टिकणार?" 1865 हे मंगळूरचा कारखाना सुरू झाल्याचं साल, नंतरच्या कौलांवरही तेच उठायचं, असं मी सांगितल्यावर ते जरा हिरमुसलेच.

मागची खोली बघायची म्हटलं तर स्वयंपाकीण मावशी किल्ली घेऊन आल्या. आत पोषण आहाराच्या तांदळाच्या गोण्या, त्याही पश्चिमेच्या भिंतीला टेकवलेल्या. कोकणात पावसाचा मारा येतो तो याच अंगाला! मावशींना विचारलं, तर म्हणाल्या, "हय तांदूळ कधी ओले जाणत नाय." भिंतीला हात लावला. खडखडीत कोरडी.

त्या खोलीवर दुरुस्तीचा निधी कधी पोचलाच नव्हता. तिथला गिलावा जुना, चुन्याचा. मोठ्या वर्गाला मात्र आतून-बाहेरून सिमेंट. छिन्नीने वीतभर सिमेंट उडवलं, तर मागचा चिरा ओलाचिंब. जांभा पाणी पितो, तसंच ते सोडतोही. चुन्यातून ते वाळून जातं, सिमेंटच्या आड कोंडतं. बरोबर आलेले म्हातारे गवंडी एवढा वेळ गप्प होते. ते म्हणाले, "भिंतीचो घाम जातलो खय?" माझ्या अहवालातला दीड पानांचा परिच्छेद त्यांनी चार शब्दांत संपवला.

मग शिडी लावून छप्पर पाहिलं. वासे हातोडीने ठोकले, बहुतेकांचा आवाज भरीव. ओल्या भिंतीत रुतलेली तीन टोकं तेवढी कुजलेली. आढं सरळ.

अहवालात लिहिलं : निर्लेखन नको, सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा, तीन वासे बदलणे. निघताना मुख्याध्यापकांनी विचारलं, काम पावसाआधी होईल का? मार्च संपत आला होता.

गवंड्यांनी आधी आभाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "चुनो आजच भिजत घालूक व्हयो."