कायमानावा लॉग: फेरी सातवी, पहिली सिका

मंडळी, सिका हरणाची शिकार मिळाली एकदाची! सहा फेऱ्या हात हलवत परत आलो होतो, त्यामुळे सविस्तर लिहितोय.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. न्यूझीलंडमध्ये जमिनीवरचे मूळचे सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघळं, हरणं सगळी बाहेरून आणलेली. सिका जपानकडची, इथे 1905 साली सोडली. म्हणून कायमानावा फॉरेस्ट पार्कसारख्या सरकारी जंगलात शिकार चालते, डॉकचं (इथलं सरकारी संवर्धन खातं) परमिट ऑनलाइन फुकट मिळतं, बंदुकीचं लायसन्स मात्र आधी पाहिजे. भारतात 1972 च्या कायद्यानंतर हे सगळं बंद, त्यामुळे घरी फोनवर आईला समजवायला मला बराच वेळ लागला. तिला मी एकच फोटो पाठवला, बीच जातीचं एक जुनं झाड पडलंय, वरून मस्त ऊन येतंय, तिथे रोपांची नुसती गर्दी व्हायला हवी, पण खाली सगळं साफ, उभं काय तर फक्त होरोपिटो, ज्याचं पान मिरीसारखं तिखट लागतं म्हणून हरणं सहसा तोंड लावत नाहीत. कोवळं बीच उगवलं की खाल्लं, मग म्हातारी झाडं पडल्यावर जंगल येणार कुठून?

आता फेरी. मागच्या वेळी वारा पाठीमागून होता आणि मी तसाच चालत राहिलो, झाडीतून ती कर्कश शिट्टी आली आणि खेळ खलास, पांढरा पार्श्वभाग तेवढा दिसला. यावेळी टाल्क पावडरची छोटी बाटली खिशात, दर दहा-पंधरा पावलांवर जराशी उडवायची आणि वारा कुठे जातोय ते बघायचं. पहाटे कडक दव पडलेलं, म्हणून उत्तरेकडच्या उतारावर गेलो (इथे ऊन त्या बाजूला येतं, हे डोक्यात बसायला मला वर्ष गेलं). ताज्या लेंड्या दिसल्या, अजून ओल्या, चकाकणाऱ्या. तिथून पुढे शंभर मीटरला पाऊण तास लावला, खरंच सांगतो.

आधी कान हलला. सोबतचा मित्र नारिंगी जॅकेटमध्ये माझ्या मागेच होता, तरी डोकं, मान, खांदा सगळं स्पष्ट दिसेपर्यंत मी बंदुकीच्या बोल्टला हात लावला नाही. मादी होती, साधारण सत्तर मीटर. ओंडक्यावर बंदूक टेकवली, श्वास सोडला, खांद्याच्या जरा मागे. वीस पावलं पळून पडली. हात थरथरत होते, तिच्या मानेवर हात ठेवून थोडा वेळ तसाच बसलो.

बरेच जण शिंगांसाठी नराची वाट बघतात. शिंगं मलाही आवडतात, पण संख्या कमी करायची तर मादीच मारायला हवी, हे माझं ठाम मत आहे, कारण पाडसं तिला होतात.

चारही पाय आणि बॅकस्टेक (कण्यालगतचं मांस) पाठीवर घेऊन गाडीपर्यंत अडीच तास. निघण्याआधी 1080 विषाचा (उपद्रवी प्राणी मारायला जंगलात टाकतात ते) नकाशा बघितला होता, खायचं असेल तर तो बघाच. मांसाला चरबी जवळजवळ नाही, मटणाच्या अंदाजाने शिजवलं तर वातड होतं, म्हणून खांदा कुकरला कांदा-खोबऱ्याच्या वाटणात आणि बॅकस्टेक तापलेल्या तव्यावर दोन-दोन मिनिटं.

पुढची फेरी त्याच ओढ्याच्या पलीकडे, तिकडे चिखलात खुरांचे माग भरपूर होते.