हजार फुटी बोट आणि डिचोलीची मी

अमेरिकेत मिनेसोटातल्या डुलुथ बंदरात बोट बघायला जी गर्दी जमते ती मला मुळीच मानवली नाही. सुपीरियर सरोवरातून बंदरात शिरणाऱ्या कालव्यावरचा लोखंडी पूल सरळ वर उचलला जातो. बोट भोंगा देते, पूल उलट भोंगा देतो, लोक टाळ्या वाजवतात, मोबाइल उंच धरतात आणि पाच मिनिटांत आइस्क्रीमच्या रांगेत जाऊन उभे राहतात. ती बोट पुढे कुठे लागणार, तिच्यात काय भरणार, याचं कुणाला काही पडलेलं नाही. डुलुथचा बाकीचा मुक्काम असाच गेला.

मी गोव्यातल्या डिचोलीची, लोहखनिजाच्या खाणींजवळ वाढलेली. इथलं खनिज कुठून येतं आणि कसं चढतं ते बघितल्याशिवाय मला चैन पडेना. "अगं, दगड भरताना काय बघायचंय?" असं दादा दोनदा म्हणाला, पण गाडी त्यानेच काढली. किनाऱ्याने पाऊण तास वर गेलं की टू हार्बर्स लागतं. मिनेसोटातलं लोहखनिज पहिल्यांदा बोटीत चढलं ते इथूनच, १८८४ साली. इथे गर्दी नाही. धक्के गावाला इतके खेटून आहेत की समोरच्या लाटरोधक भिंतीवर जाऊन बसलं की सगळं दिसतं.

फक्त बसावं लागतं. मोबाइलवर 'एडविन एच. गॉट' ही बोट अकराला येणार होती, मग एकला, मग अडीचला. जून महिना, आणि वारा असा की वहिनी गाडीत जाऊन बसली ती बसलीच. इथल्या लोकांना "उन्हाळा" म्हणायला फार थोडं पुरतं.

ती आली तेव्हा आधी काही वाटलं नाही. क्षितिजावर एक तपकिरी पट्टी. अर्ध्या तासाने तीच पट्टी भिंतीच्या टोकाला वळसा घालत होती आणि संपतच नव्हती. लांबी १००४ फूट. रिकामी असल्यामुळे पाण्यावर उंच आलेली, एरवी पाण्याखाली असणारा भागही उघडा. एवढं धूड, पण ओढायला टग नाही. पुढच्या बाजूचे पंखे फिरवत ती स्वतःच हळूहळू आडवी सरकली. मग कठड्यावरून एक दांडा बाहेर आला, त्याला दोर, दोराला फळी, आणि फळीवर बसलेला माणूस. त्याला झोक्यासारखा धक्क्यावर उतरवला. तो दोर अडकवायला पळत सुटला. माझ्या तोंडून "अरे बापरे" निघालं. १९७९ साली बांधलेली बोट, आणि सुरुवात फळीवरच्या माणसापासून!

भरणं सुरू झालं आणि दादाही मोबाइल विसरला. धक्क्यावरून वाहक पट्टे बाहेर सरकून एकेका हॅचवर, म्हणजे माल ओतायच्या तोंडावर, येतात आणि खनिजाच्या गोळ्या धो धो पडायला लागतात. हे आपल्याकडचं खनिज नव्हे. मिनेसोटाच्या मेसाबी या खाणपट्ट्यातल्या टॅकोनाइट नावाच्या दगडात लोखंड जेमतेम पंचवीस-तीस टक्के. तो दळून, चुंबकाने लोखंड वेगळं काढून, माती मिसळून भट्टीत भाजलेल्या या गोळ्या. यांत लोखंड पासष्ट टक्क्यांच्या आसपास. गोट्यांएवढ्या. इकडे गोळ्या आत पडतात, तिकडे बोट तोल राखायला पोटात भरलेलं पाणी बाजूच्या भोकांतून फेकत असते. एकाच ठिकाणी ओतत बसलं तर बोट मधून वाकेल, म्हणून थोडं पुढे, थोडं मागे, पुन्हा मधे. घाई कुणालाच नाही. अशा बोटीत साठेक हजार टन माल मावतो. मांडवीतून मुरगावला जाणारी आमची बार्ज दोन-अडीच हजार टनांची. करा हिशेब.

"बघ, धूळ आहे का कुठे?" दादाने विचारलं. खरंच नव्हती, निदान आम्ही बसलो होतो तिथवर तरी. आणि तेच मला झोंबलं. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तोवर आमच्या दोरीवरचे कपडे लालच वाळायचे. ट्रकांची रांग संपली की मग रस्ता ओलांडायचा. पण इथलं कौतुक ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत मी नव्हते. याच किनाऱ्यावर थोडं पुढे सिल्व्हर बे आहे. तिथला कारखाना टॅकोनाइटचा गाळ रोज सुमारे ६७,००० टन, थेट या सरोवरात सोडत होता, तोही वर्षानुवर्षं. १९७३ मध्ये डुलुथच्या पिण्याच्या पाण्यात ॲस्बेस्टॉससारखे तंतू सापडले, कोर्टकज्जे झाले, आणि १९८० साली कुठे गाळ जमिनीवर टाकायला लागले. ही स्वच्छता भांडून मिळवलेली आहे, हे मी त्याला जरा चढ्या आवाजातच सांगितलं. तो म्हणाला, "बरं बाई."

तुम्ही जाणार असाल तर स्वेटर न्या, डबा न्या, आणि बोट धक्क्याला लागली की उठू नका. भरायला कित्येक तास लागतात. आम्ही अंधार पडताना निघालो तेव्हा पट्टे चालूच होते. रात्री जेवायला काही उघडं मिळालं नाही. पेट्रोलपंपावरच्या गार सँडविचबद्दल वहिनी अजून बोलते.

दोन दिवसांनी मिनियापोलिसला दादाने स्वतःहून मोबाइल दाखवला. गॉट सू लॉक्समध्ये, म्हणजे सुपीरियरमधून खालच्या सरोवरांकडे बोटी उतरवणाऱ्या जलद्वारांत, शिरत होती. त्यातल्या पो लॉकची रुंदी ११० फूट, बोटीची १०५. समुद्राकडे जाणाऱ्या वाटेवरच्या वेलंड कालव्यात ती मावत नाही, म्हणून समुद्र तिला कधी दिसायचाच नाही.

"गाडीने किती तास असतील गं?" तो म्हणाला.

"मी येणार नाहीये," स्वयंपाकघरातून आवाज आला.