पाच भोकांचा लोगो

2004 साली ठाण्यात, नौपाड्यात, गोखले रोडलगतच्या एका गल्लीत, एक कॉम्प्युटर आणि उधारीचा प्रिंटर घेऊन आम्ही दोघं नवरा-बायको बसलो. पाटीवर ‘डिझाइन’ लिहिलं होतं, काम मात्र डीटीपीचं: लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्डं, गणपतीची पावतीपुस्तकं. गिऱ्हाईक स्टूल ओढून शेजारी बसायचं आणि स्क्रीनला बोट लावून सांगायचं, “हे नाव अजून मोठं करा.” आम्ही करायचो. डोकं लावायचे पैसे कोणी देत नव्हतं. खरं तर आम्ही ते लावतही नव्हतो.

तिसऱ्या वर्षी एका क्लासवाल्यांना तयार चित्रांच्या सीडीतली पणती लोगो म्हणून चिकटवून दिली. महिन्याभरात तीच पणती राम मारुती रोडवर दुसऱ्या क्लासच्या बोर्डावर! चूक सर्वस्वी आमची. हजार लेटरहेड पदरमोड करून पुन्हा छापून दिली. तेव्हापासून आधी कागद-पेन्सिल, वीसेक रेखाटनं, मगच माउस.

जुलै 2010 मध्ये रुपयाचं चिन्ह आलं. आयआयटी मुंबईत शिकलेल्या डी. उदय कुमार यांनी देवनागरी ‘र’ आणि दांडा काढलेला रोमन ‘आर’ एकाच आकारात बसवले, वर दोन आडव्या रेघा. शाळकरी पोरालाही खडूने काढता यावं असं. ते कात्रण अजून टेबलाच्या काचेखाली आहे, “जरा थ्रीडी करा ना” म्हणणाऱ्यांना दाखवायला.

माझं सगळ्यात लाडकं काम भाजणीचं. चरईतल्या एक काकू घरगुती भाजणी विकतात. त्यांना पिशवीवर नऊवारीतली बाई आणि जातं हवं होतं, चार रंगांत. अशा बाया दुकानात फळीभर उभ्या असतात. तीन दिवस काही सुचेना. चौथ्या रात्री मी तव्यावर थालीपीठ लावलं, बोटाने मधे एक आणि भोवती चार भोकं पाडली, तेल सोडलं आणि तशीच उभी राहिले. एक गोल, पाच भोकं. एकच रंग. तयार पिशव्यांवर स्क्रीन प्रिंटिंग करायचं तर दर रंगाला वेगळी स्क्रीन, म्हणजे जाळीची चौकट, लागते. तीन स्क्रीनचा खर्च वाचला.

“पाच भोकांचे एवढे पैसे?” काकूंनी बिल परत केलं. शेवटी निम्मे रोख, निम्म्याची भाजणी. पावसाळाभर ऑफिसात डब्याला तेच.

आता बिलात ‘कल्पना’ अशी वेगळी ओळ असते. घासाघीस त्याच ओळीवर होते. लग्नपत्रिका मात्र अजून करतो, लग्नसराईतलं भाडं त्यातूनच निघतं.