कॅनॅपोलिस, विन्स्टन-सेलम, शार्लट, बर्मिंगहॅम: मायनर लीगमधल्या मुलामागचा प्रवास

अमेरिकेतल्या शिकागो व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाने ज्यांच्या मुलाला करारबद्ध केलं, त्या आईवडिलांचा शिकागोशी पहिली काही वर्षं फारसा संबंध येत नाही. त्यांचे उन्हाळे नॉर्थ कॅरोलायनात सरतात. 2021 पासून मेजर लीग या सर्वांत वरच्या पातळीवरच्या 30 संघांपैकी प्रत्येकाच्या हाताखाली मायनर लीगमध्ये, खालून वर, सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए असे चार संघ असतात. व्हाइट सॉक्सचे हे चार संघ अनुक्रमे कॅनॅपोलिस, विन्स्टन-सेलम, बर्मिंगहॅम आणि शार्लटचे. यातली तीन गावं एकमेकांपासून दोन तासांच्या आत आहेत, हे नशीब इतर संघांच्या पालकांना सहसा लाभत नाही. शार्लटला उतरायचं, भाड्याची गाडी घ्यायची आणि तिथून फिरायचं. बर्मिंगहॅम अलाबामात आहे, त्याची फेरी वेगळी ठेवावी.

विमानाचं तिकीट काढण्याआधी मालिकांची रचना समजून घ्या. पाहुणा संघ सोमवारी येतो, मंगळवार ते रविवार त्याच मैदानावर सहसा सहा सामने होतात आणि सोमवारी सुट्टी असते. पालकांच्या दृष्टीने ही रचना फार सोयीची, कारण एकाच गावात मुक्काम ठोकता येतो. मात्र कोणत्या दिवशी जायचं हे मुलगा काय खेळतो त्यावर ठरतं, आणि नवे पालक नेमके इथेच फसतात. मुलगा स्टार्टर, म्हणजे सामन्याची सुरुवात करणारा पिचर (चेंडू टाकणारा), असेल तर तो साधारण आठवड्यातून एकदाच चेंडू टाकतो. सहा पिचरांची पाळी असेल तर मंगळवारचा पिचर पुढच्या मंगळवारी येतो, तेव्हा गेल्या दोन आठवड्यांचे बॉक्स स्कोअर (सामन्यांचे आकडेवारीचे तक्ते) बघून वार काढायचा आणि त्याच्या पुढेमागे एकेक दिवस धरायचा. पाऊस पडला की पाळी एक दिवस सरकते, म्हणून हा जादा दिवस. रिलीव्हरच्या, म्हणजे सामन्याच्या मध्येच उतरणाऱ्या बदली पिचरच्या, पालकांना असा हिशेब करता येत नाही. सहा सामन्यांत त्याच्यासाठी दोनदा बुलपेनचं (बदली पिचर थांबतात त्या जागेचं) दार उघडलं तरी पुष्कळ, त्यामुळे निदान तीन-चार दिवस राहण्याची तयारी हवी. बॅटरला आठवड्यात साधारण एक दिवस विश्रांती मिळते. कॅचरचं (पिचरचा चेंडू झेलणाऱ्याचं) काम मात्र दोघा-तिघांत वाटलेलं असतं, तिथे मुलालाच विचारावं.

सोमवार हा मुलाबरोबर निवांत जेवायचा एकमेव दिवस. पण रविवारच्या सामन्यानंतर संघ बाहेरगावी निघणार असेल तर तो सोमवार बसमध्ये जातो. म्हणून वेळापत्रकात घरच्या मैदानावरचे सलग दोन आठवडे सापडतात का ते आधी शोधा; असे जोड-आठवडे कमीच असतात.

जुलैचा उत्तरार्ध आणि ऑगस्टचा पहिला आठवडा शक्यतो टाळावा. जुलैत ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची निवड) होतो, त्याच महिन्याच्या अखेरीस किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला संघांनी खेळाडूंची देवाणघेवाण करायची मुदत संपते, नवी पोरं येतात, कुणी वर जातं, कुणाला घरी पाठवलं जातं. विमानाची आणि हॉटेलची आरक्षणं बदलता येतील अशीच घ्या. चार पैसे जास्त गेले तरी चालतील. बढतीची बातमी बऱ्याचदा रविवारच्या सामन्यानंतर येते आणि मंगळवारी मुलगा दुसऱ्या राज्यात असतो. दुखापत झाली तर तो सात दिवसांच्या यादीवर जातो, आणि ती मोठी असेल तर थेट ॲरिझोनात ग्लेंडेलच्या सरावतळावर. ‘डेव्हलपमेंट लिस्ट’ नावाचीही एक यादी असते: मुलगा ठणठणीत असतो, संघाबरोबर सरावही करतो, पण सामन्यात उतरत नाही. निघायच्या आदल्या दिवशी संघाच्या संकेतस्थळावर रोस्टर (खेळाडूंची यादी) आणि व्यवहारांची नोंद दोन्ही बघावं.

विमानतळाहून कॅनॅपोलिस जेमतेम 30 मैल, शार्लट ओलांडून आय-85 महामार्गाने उत्तरेला. सोलापूरकरांना ओळखीचं वाटेल असं हे गाव कॅनन कंपनीच्या टॉवेल-चादरींच्या गिरण्यांवर वाढलं आणि 2003 मध्ये गिरण्या बंद पडल्यावर उघडं पडलं. आता गिरणीच्या जागी संशोधन संस्थांचं आवार आहे आणि गावाच्या मध्यभागी नवं मैदान, जिथे 2021 पासून सामने होतात. ॲमट्रॅक रेल्वेचं स्टेशन मैदानापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे आणि शार्लटहून गाडी अर्ध्या तासात पोचवते. जाताना ठीक, पण रात्री सामना संपण्याच्या वेळेला परतीची गाडी असेलच असं नाही. वेळापत्रक बघितल्याशिवाय रेल्वेच्या भरवशावर जाऊ नका. राहायला शेजारच्या कॉन्कॉर्डमध्ये आय-85 लगत हॉटेलं भरपूर. फक्त मेमोरियल डेच्या, म्हणजे मेमधल्या शेवटच्या सोमवारच्या, आधीच्या शनिवार-रविवारी तिथे जाऊ नये. मोटर स्पीडवेवर कोका-कोला 600 ही शर्यत असते आणि खोल्यांचे भाव आकाशाला भिडतात.

कॅनॅपोलिसहून विन्स्टन-सेलम सव्वा तासाच्या आसपास: आय-85 ने लेक्सिंग्टनपर्यंत, मग यूएस-52. लेक्सिंग्टन पोर्क बार्बेक्यूसाठी प्रसिद्ध आहे. शाकाहारी मंडळींनी पोटपूजा आधीच उरकावी. इथली अडचण एप्रिलची. जवळच्या हाय पॉइंटला फर्निचरचा मोठा व्यापारी बाजार भरतो आणि आजूबाजूच्या तिन्ही शहरांतली हॉटेलं भरून जातात. संघ बाहेर असला तरी एक सोय बघा: ग्रीन्सबरो इथून तीसेक मैलांवर आहे. तिथली मालिका कागदावर बाहेरगावची, पण अंतर इतकं कमी की विन्स्टन-सेलमलाच मुक्काम ठेवून रोज जाऊन-येऊन सहाही सामने बघता येतात. ॲशव्हिलची मालिका आली तर वेगळी मानसिक तयारी ठेवा. तिथली उजव्या बाजूची भिंत होम प्लेटपासून (बॅटर उभा राहतो त्या जागेपासून) 300 फुटांच्याही आत आहे, उंच आहे तरी चेंडू तिच्यावरून जातात. तिथल्या आकड्यांवरून पिचरची किंमत करू नये, आणि बॅटरचं कौतुकही जरा हात राखून करावं.

आता एक नाव लक्षात ठेवा: ट्रुइस्ट. विन्स्टन-सेलमचं मैदान ट्रुइस्ट स्टेडियम, शार्लटचं ट्रुइस्ट फील्ड, आणि बर्मिंगहॅमच्या वाटेवर अटलांटात मेजर लीगचं ट्रुइस्ट पार्क. बँक एक, मैदानं तीन. फोनच्या नकाशात नुसतं ‘ट्रुइस्ट’ टाकून पहिल्या ओळीवर बोट ठेवलंत तर 80 मैल भलतीकडे जाल. शहराचं नाव टाकाच.

शार्लटचं मैदान 2014 मध्ये उघडलं. ते ऐन शहरात आहे आणि आउटफिल्डच्या मागे उंच इमारती उभ्या दिसतात. गाडी नसेल तर ब्लू लाइन या शहरी रेल्वेने येऊन शेवटची दहा-पंधरा मिनिटं चालावं. ही लाइन विमानतळापर्यंत जात नाही, तिथून बस घ्यावी लागते. हेही बॅटरांच्या बाजूचं मैदान आहे. डबल-एमध्ये छान आकडे असलेल्या पिचरचे आकडे इथे फुगतात, ते मनावर घेऊ नका. ट्रिपल-एमध्ये बॅटर, पिचर किंवा कॅचरने टोपीवर किंवा हेल्मेटवर हात मारला तर गोंधळू नका. त्याने पंचांच्या बॉल-स्ट्राइकच्या (चेंडू ठरलेल्या चौकटीतून गेला की बाहेरून, या) निर्णयावर दाद मागितलेली असते आणि निकाल यंत्र देतं.

तिकिटं बहुतेक वेळा विकत घ्यावी लागत नाहीत. खेळाडूंना मोजके मोफत पास मिळतात. मुलाने वेळेत पास लिस्टवर नाव टाकलं की ‘विल कॉल’ खिडकीवर ओळखपत्र दाखवून तिकिटांचं पाकीट घ्यायचं. नाव ओळखपत्रावर जसं आहे तसंच लिहायला सांगा, घरात हाक मारायचं नाव नको. ही जागा सहसा होम प्लेटच्या मागे असते, पाहुण्या खेळाडूंच्या घरच्यांच्या आणि चेंडूचा वेग मोजणारी रडार गन घेतलेल्या स्काउटांच्या (खेळाडू हेरणाऱ्यांच्या) शेजारी. तिथे जीभ आवरावी. ‘त्याचा खांदा जरा दुखतोय’ असं सहज बोललेलं वाक्यही कुणीतरी ऐकत असतं. बढतीची बातमी क्लबने जाहीर करेपर्यंत कुठेही टाकू नये आणि प्रशिक्षकाशी खेळण्याच्या वेळेबद्दल बोलायला तर अजिबात जाऊ नये.

फोटो काढायचे असतील तर मात्र पासची जागा सोडा. उजव्या हाताचा पिचर तिसऱ्या बेसच्या बाजूने (होम प्लेटच्या मागून बघता डावीकडून) समोरून दिसतो, डावखुरा पहिल्या बेसच्या बाजूने (उजवीकडून). बॅटरचं उलटं: उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेहरा पहिल्या बेसकडे असतो. जाळीला लेन्स जवळजवळ टेकवली तर जाळी फोटोत दिसत नाही. बऱ्याच मैदानांवर रोकड चालत नाही आणि पारदर्शक पिशवीच आत नेता येते, तेव्हा कॅमेऱ्याची बॅग परत गाडीत ठेवायला लागू नये म्हणून नियम आधी वाचा. गुरुवारी स्वस्त बिअरमुळे गर्दी असते, शुक्रवार-शनिवारी फटाके. फटाक्यांच्या रात्री पार्किंगमधून बाहेर पडायलाच अर्धा तास जातो.

मुलाची भेट सकाळी ठरवा. सातच्या सामन्यासाठी खेळाडू दुपारी एक-दोनलाच मैदानावर जातात आणि सामना संपल्यावर अंघोळ, जेवण आटोपून बाहेर यायला तासभर लागतो. जेवण क्लबच देतो, तेव्हा रात्री डबा घेऊन दारात उभं राहण्यात अर्थ नाही. दहा वाजता नाश्त्याला भेटलात तर दोन तास मिळतात. स्टार्टरला मात्र त्याच्या पाळीच्या दिवशी भेटायला जाऊ नये. कॅरोलायनात उन्हाळ्यात संध्याकाळी विजांचा पाऊस नेहमीचा. सामना पुढे ढकलला तर दुसऱ्या दिवशी सात-सात इनिंगचे दोन सामने होतात, म्हणजे नाश्ताही रद्द.

आता गाडीबद्दल. बढती मिळाली की क्लब मुलाला विमानात बसवतो, पण त्याची गाडी जुन्या गावच्या पार्किंगमध्ये राहते. ती पोचवायचं काम बहुतेक वेळा आईवडिलांच्याच गळ्यात पडतं. सीझन सुरू व्हायच्या आधी चार गोष्टी करून ठेवा: दुसरी चावी स्वतःकडे, विम्यात चालक म्हणून दोघांची नावं, नोंदणीचे कागद गाडीच्या कप्प्यात आणि टोलची नोंद वापरात असलेल्या खात्यावर. 2022 पासून घराची सोय क्लब करतो, त्यामुळे भाडेकराराची कटकट नाही. पण उशी, राइस कुकर, बुटांचे चार जोड, थंडीचे कपडे खोलीतच राहतात आणि पुढचा खेळाडू दोन दिवसांत दारात येतो. सामान मुळात दोन बॅगांत मावेल इतकंच पाठवावं. कायमचा पत्ता आईवडिलांच्या घराचा ठेवावा, नाहीतर बँकेचं कार्ड एका गावात आणि मुलगा दुसऱ्या, असं होतं. 2023 च्या करारानुसार सिंगल-एचा पगार वर्षाला 26,200 डॉलर आणि ट्रिपल-एचा 35,800 ठरला. पूर्वीपेक्षा बराच बरा, पण गाडीच्या दुरुस्तीचे पैसे अजून घरूनच जातात. वेगवेगळ्या राज्यांत खेळल्यामुळे करविवरणपत्रंही एकाहून जास्त राज्यांत भरावी लागू शकतात. पगाराच्या पावत्या जपून ठेवा.

मुलगा अजून ॲरिझोनाच्या कॉम्प्लेक्स लीगमध्ये, म्हणजे या चार संघांच्याही खालच्या, सरावतळावरच्या पायरीवर असेल तर यातलं बरंचसं लागू नाही. तिथे तिकीट नाही, खाण्याचे स्टॉल नाहीत, सावली जेमतेम आणि जूनमध्ये पारा 40 अंशांच्या वर. पाणी, टोपी आणि घडीची खुर्ची घेऊन जायचं. 2009 मध्ये भारतातून गेलेले पिचर रिंकू सिंग (क्रिकेटपटू नव्हे) आणि दिनेश पटेल फ्लोरिडात ज्या गल्फ कोस्ट लीगमध्ये खेळले, ती याच पायरीची. आता तिचं नाव फ्लोरिडा कॉम्प्लेक्स लीग.

बर्मिंगहॅमला शार्लटहून गाडीने गेलं तर सुमारे 390 मैल: आय-85 ने अटलांटा, तिथून आय-20. अटलांटा दुपारी तीन ते सात या वेळात ओलांडू नका. अलाबामाचं घड्याळ एक तास मागे आहे, त्यामुळे जाताना तास मिळतो आणि येताना जातो. मैदान 2013 चं, रेलरोड पार्कच्या शेजारी, आणि आसपास चालत फिरण्यासारखं. सकाळ मोकळी असेल तर 1910 चं रिकवुड फील्ड बघून या. व्यावसायिक बेसबॉलचं ते अमेरिकेतलं सर्वांत जुनं मैदान, आणि 1948 मध्ये विली मेज बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्सकडून तिथे खेळले होते. मंगळवारी मालिकेचा पहिला सामना बघायचा असेल तर सोमवारीच पोचा.