आइसलँडच्या किनाऱ्यावर गंजलेल्या आगबोटी

द्यूपालोनसांदुरच्या किनाऱ्यावर उतरलात की आधी पायाखाली बघा. काळ्या गुळगुळीत गोट्यांमध्ये तांबूस काहीतरी दिसेल. आम्हाला वाटलं, इथल्याच ज्वालामुखीचा एखादा लाल दगड. दादा वाकून म्हणाला, "अगं दगड कसला, पत्रा आहे. ही रिव्हेटची भोकं बघ."

दादा म्हणजे माझा मामेभाऊ. आयुष्य मर्चंट नेव्हीत इंजिनरूममध्ये काढलेला. सगळे आइसलँडला धबधबे बघायला जातात. आम्ही दादा, वहिनी आणि मी जूनच्या शेवटी दहा दिवस गेलो ते मुख्यतः मेलेल्या बोटी बघायला. वहिनीला पफिन हे समुद्रपक्षी बघायचे होते. तेही झाले, त्याबद्दल पुढे.

तो पत्रा 'एपिन' नावाच्या इंग्लिश ट्रॉलरचा, म्हणजे जाळं ओढत मासे धरणाऱ्या बोटीचा. नोंदणी जीवाय ७, म्हणजे ग्रिम्सबी बंदराची. १३ मार्च १९४८ च्या संध्याकाळी ही आगबोट इथल्या खडकांवर चढली. १४ जण गेले, पाच वाचले. वाटेवरच्या पाटीवर एवढंच लिहिलंय, आणि अवशेषांना हात लावू नका अशी विनंती. आम्ही होतो त्या तासाभरात दोन जण त्या लोखंडावर पाय ठेवून फोटो काढून गेले. तुम्ही तसं करू नका. गोटेही खिशात घालू नका, हे राष्ट्रीय उद्यान आहे.

रेक्याविकहून इथवर साधारण दोनशे किलोमीटर. वाटेत ह्वालफ्योर्दुरच्या खाडीखालचा बोगदा लागतो. त्याला पूर्वी टोल होता, २०१८ पासून नाही. गाडीतळापासून लाव्हाच्या भिंतींमधून पायवाट खाली येते, दहा मिनिटं पुरतात. बूट चांगले हवेत, गोट्यांवर पाय मुरगळतो. पाण्याकडे पाठ करून उभं राहू नका. लाट इथे न सांगता वर येते, आणि मागे जाताना गोट्यांसकट ओढते. वाटेत चार गोल दगड ठेवलेत: २३, ५४, १०० आणि १५४ किलोचे. जुन्या काळी पलीकडच्या द्रितविकला वल्ह्यांच्या होड्यांवर काम मागायला येणाऱ्याची ताकद यांवर जोखत. ५४ चा उचलता आला नाही तर होडीत जागा नाही. दादाने २३ चा उचलला आणि "बास" म्हणाला.

आता या बोटी इथे मरायला का येत होत्या, हे थोडं सांगायला हवं, नाहीतर ते नुसतं भंगार वाटेल.

शिडाच्या ट्रॉलरला वाऱ्याची वाट बघावी लागे. १८८१ साली इंग्लंडमधल्याच हल बंदराच्या गोदीत ग्रिम्सबीसाठी 'झोडिॲक' ही मुद्दाम मासेमारीसाठी बांधलेली वाफेची ट्रॉलर तयार झाली आणि तो प्रश्न संपला. वाफ आली तशी जाळी मोठी झाली, तळ खरवडत ओढायची ताकद आली, आणि उत्तर समुद्र पुरेना. दहा-पंधरा वर्षांत याच बोटी आइसलँडला पोचल्या. ग्रिम्सबीहून चार-पाच दिवस जायला, तेवढेच यायला, मध्ये आठ-दहा दिवस मासेमारी. एकूण तीन आठवडे, खणात बर्फ भरून.

दादाने इंजिनाचं सांगितलं ते त्याच्याच शब्दांत देते: "तीन सिलिंडर. एकाच वाफेला तीनदा राबवायचं, आधी लहान, मग मधला, मग मोठा. इंजिन बिचारं गुणी, क्वचितच रुसतं. मरण फायरमनचं. बोट चाळीस अंश कलतेय आणि हा भट्टीचं दार उघडून कोळसा मारतोय." वर डेकवरही सुख नव्हतं. जाळं बाजूने वर घ्यायचं, शेपटाकडच्या पिशवीची गाठ सोडायची की कॉडचा ढीग डेकवर, आणि मग त्या ढिगात गुडघाभर उभं राहून उघड्यावर मासे फाडायचे. यकृत वेगळं काढून मागे उकळायचं, त्याचं तेल. कॉड लिव्हर ऑइलच्या गोळ्या आपल्याकडेही पोरांना कोंबल्या जायच्या. त्या वासामागे हे सगळं आहे हे मला साठीला कळलं.

घरी दोन-तीन दिवस, की पुन्हा समुद्र. हलच्या खलाश्यांच्या बायका नवरा निघायच्या दिवशी कपडे धूत नसत, म्हणे माणूस धुतला जातो. धक्क्यावर जाऊन हात हलवायचा नाही, लाट ओढून नेते. वहिनीला यात काही नवल वाटलं नाही.

रेक्याविकमध्ये ग्रांदी भागातल्या समुद्री संग्रहालयाला अर्धा दिवस द्या. इमारत पूर्वी मासे गोठवायचा कारखाना होती. बाहेर धक्क्याला 'ओदिन' ही तटरक्षक दलाची जुनी बोट बांधलेली आहे. ती फक्त वाटाड्याबरोबर बघता येते, वेळा आधी विचारून घ्या. १९५९ सालची ही बोट तिन्ही कॉडयुद्धांत, म्हणजे मासेमारीवरून ब्रिटनशी झालेल्या भांडणांत होती. आइसलँडने मासेमारीची हद्द १९५८ मध्ये १२ मैल, १९७२ मध्ये ५० आणि १९७५ मध्ये २०० मैल केली. इंग्लिश ट्रॉलर ऐकेनात, तेव्हा तटरक्षक बोटींनी दातेरी आकडा पाण्यात सोडून त्यांच्या जाळ्यांच्या तारा कापल्या. तार तुटली की जाळं तळाला आणि फेरी फुकट. दादा अर्धा तास त्या विंचपाशीच उभा होता.

पण याच 'ओदिन'ने फेब्रुवारी १९६८ च्या वादळात खडकावर चढलेल्या 'नॉट्स काउंटी' या ग्रिम्सबीच्याच ट्रॉलरवरची १८ माणसं उचलून आणली होती. प्रवासभर माझ्या डोक्यात हेच घोळत राहिलं: ज्यांची तार कापायची त्यांनाच दोर टाकायचा. आणि हे एकदा नाही, पुढे येईलच. राग तर त्याहून जुना. १८९९ च्या ऑक्टोबरात दिराफ्योर्दुरमध्ये 'रॉयलिस्ट' नावाची हलची ट्रॉलर खाडीत घुसून मासे मारत होती. तिथला अधिकारी हान्नेस हाप्स्तेन पाच माणसं घेऊन वल्ह्यांच्या होडीतून तिला अडवायला गेला. होडी उलटली, तीन जण बुडाले. हान्नेस वाचला आणि १९०४ मध्ये देशाचा पहिला मंत्री झाला. असा राग असलेल्या किनाऱ्यावर इंग्लिश बोटी फुटत होत्या.

पश्चिम फ्योर्डांकडे (फ्योर्ड म्हणजे आत शिरलेल्या अरुंद खाड्या) जायला स्टिक्किसहोल्मुरहून फेरी आहे, दोन-तीन तासांची, गाडी आत घेऊन. जागा आधी आरक्षित करा. आम्ही केली होती, पण वाटेत एका पंपावर कार्ड चालेना (पिन नसलेलं कार्ड तिथे कामाचं नाही, हे निघण्यापूर्वी बँकेत बघून घ्या) आणि फेरी डोळ्यांसमोर सुटली. मग ब्रेदाफ्योर्दुरच्या अख्ख्या खाडीला वळसा घालून गेलो. दिवस गेला, पण जूनमध्ये तिथे अंधार पडत नाही, म्हणून निभावलं.

लाउत्राब्यार्ग या पक्ष्यांच्या कड्याकडे वळणारा रस्ता ६१२ खडीचा आहे. भाड्याच्या गाडीला खडीचा विमा घ्याच, आणि दार उघडताना दोन्ही हातांनी धरा. वाऱ्याने दार उलटं फिरलं तर तो खर्च बहुतेक विम्यांत बसत नाही. या रस्त्याच्या सुरुवातीलाच, स्काउपादालुरमध्ये, 'गार्दार' नावाची पूर्ण बोट किनाऱ्यावर उभी आहे. ही बुडालेली नाही. १९१२ साली नॉर्वेत देवमाशांच्या शिकारीसाठी बांधली, पुढे आइसलँडमध्ये मासेमारी केली, आणि म्हातारी झाल्यावर १९८१ मध्ये इथे आणून चढवली. एपिनचे तुकडे बघितल्यावर हिला बघा, म्हणजे तेव्हाच्या बोटी किती लहान होत्या ते कळतं. आत चढू नका, पत्रा कागद झालाय.

पुढे ह्न्योतुरचं संग्रहालय. लहान, पण या प्रवासातलं मला सर्वात आवडलेलं. १२ डिसेंबर १९४७ ला फ्लीटवुड या इंग्लिश बंदराची 'धून' ही ट्रॉलर लाउत्राब्यार्गच्या कड्याखाली आदळली. १५ जणांपैकी तिघे मदत येण्याआधीच लाटांनी नेले. बारा जण अशा बोटीवर, जिच्या समोर समुद्र आणि पाठीशी दोनशे मीटर सरळ कडा. वर जवळपासच्या वाड्यांवरचे शेतकरी. डिसेंबरात तिथे उजेड जेमतेम चार तास.

हे शेतकरी दर उन्हाळ्यात त्याच कड्यावर दोराला लटकून पक्ष्यांची अंडी गोळा करायचे. कुठला दगड निसटतो, कुठे दोर घासतो, हे त्यांना पाठ होतं. तेच दोर घेऊन ते बर्फात खाली उतरले, किनाऱ्यावरून रॉकेटने बोटीवर दोरी फेकली, एकेकाला ओढून घेतलं. सगळ्यांना एका दिवसात वर नेणं जमेना, तेव्हा काही जणांनी कड्याच्या मधल्या कंगोऱ्यावर रात्र काढली, वाचवणाऱ्यांसकट. बाराच्या बारा वर आले. घोंगड्या, घोडे, गरम जेवण, आणि मग त्याच शेतकऱ्यांच्या घरी.

पुढच्या वर्षी या बचावावर माहितीपट करायला कॅमेरा आला. प्रसंग पुन्हा उभा करून चित्रीकरण चाललं होतं, तेवढ्यात १ डिसेंबर १९४८ ला जवळच, हाप्नारमूलीच्या पायथ्याशी, 'सार्गन' ही ग्रिम्सबीची ट्रॉलर खरोखरच आदळली. माणसं तीच, दोर तेच, कॅमेराही तिथेच. सहा वाचले, ११ गेले. माहितीपटात दिसतं ते त्यातलं काही खरं आहे. संग्रहालयात ते बघताना वहिनी उठून बाहेर गेली.

कड्यावर पफिन हाताच्या अंतरावर बसतात, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यांपर्यंत. कडेला उभं राहू नका. पक्ष्यांनी बिळं करून माती पोकळ केलेली असते. पोटावर झोपून पुढे सरका, मग खाली बघा. कडा ४४१ मीटरपर्यंत उंच आहे. मी खाली बघितलं ते पफिनसाठी नाही, दोर कुठून सोडला असेल ते बघायला.

ईसाफ्योर्दुरला जाताना आता दिराफ्योर्दुरचा नवा बोगदा आहे (२०२०), घाट टळतो. गावाजवळचा जुना बोगदा मात्र सांभाळून: आत काही भाग एकेरी आहे, आणि चक्क बोगद्याच्या पोटातच फाटा फुटतो. समोरच्याला वाट कुणी द्यायची ते पाटीवर असतं, आधी वाचून ठेवा.

ईसाफ्योर्दुरचं समुद्री संग्रहालय अठराव्या शतकातल्या लाकडी घरात आहे. बाहेरची खाडी इतकी शांत होती की तिथे कुणी बुडेल असं वाटेना. ४ फेब्रुवारी १९६८ ला, 'नॉट्स काउंटी' चढली त्याच वादळात, हलची 'रॉस क्लीव्हलँड' आसऱ्यासाठी इथे आली होती. अशा थंडीत लाटेचा तुषार दोरखंडांवर, डोलकाठीवर, कठड्यांवर पडला की जागीच गोठतो. कुऱ्हाडींनी तोडत राहायचं, झोप नाही. तोडण्यापेक्षा चढणं जास्त झालं की वरचा भार बोटीला कुशीवर लोळवतो. तांडेलाने रेडिओवर बायकापोरांना प्रेम कळवा म्हणून सांगितलं, आणि बोट गेली. १८ गेले, हॅरी एडम हा मेट (तांडेलाच्या हाताखालचा अधिकारी) एकटाच तराफ्यातून किनाऱ्याला लागला, एका शेतघराजवळ. तीन आठवड्यांतली हलची ही तिसरी बोट होती, तिन्ही मिळून ५८ माणसं. मग हलच्या हेसल रोडवरची लिलियन बिलोका आणि तिच्या मैत्रिणी थेट लंडनला मंत्र्यांकडे गेल्या आणि प्रत्येक बोटीवर रेडिओ ऑपरेटर हवाच, अशा मागण्या मान्य करून घेतल्या. तोवर तो सक्तीचा नव्हता! त्या तिघींतली 'सेंट रोमानस' रेडिओ ऑपरेटरशिवायच निघाली होती आणि कित्येक दिवस तिचा पत्ता नाही हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. हे वाचून दादा चिडला तो संध्याकाळपर्यंत.

काही किरकोळ पण उपयोगी. गावांची नावं मी देवनागरीत कानाला आली तशी लिहिलीत, नकाशावर शोधताना तिथल्या लिपीतलं स्पेलिंग बघून घ्या. एकाच नावाची दोन गावं असतात. भारतीय पासपोर्टला शेंगेन व्हिसा लागतो, उन्हाळ्याच्या तारखा लवकर भरतात. रोख पैसे आम्ही एकदाही काढले नाहीत. नळाचं पाणी प्या, बाटल्या विकत घेऊ नका. मेंढ्या रस्त्यावर कायम तीन असतात, दोन एका बाजूला आणि एक दुसऱ्या. तिसरी हमखास पळते. वहिनीने भाजणी आणि मेतकूट नेलं होतं, त्यावर अर्धे दिवस निघाले. दुधाचे पदार्थ नेऊ नका, नियम कडक आहेत. रस्ते आणि वारा रोज सकाळी सरकारी संकेतस्थळांवर बघा, आणि वारा सेकंदाला वीस मीटरच्या वर असेल तर निघूच नका. आपल्याला ताशी किलोमीटरची सवय, म्हणून वीस हा आकडा लहान वाटतो. दादाने ७२ असं करून सांगितलं तेव्हा मी चावी टेबलावर ठेवली.

परतताना वाट वाकडी करून पुन्हा द्यूपालोनसांदुरला गेलो. भरती होती, आणि लोखंडाचे खालचे तुकडे पाण्याखाली होते.